दुपटे आणि पाळणा

वयाची सत्तरी उलटल्यावर माझ्या लेखांचे पहिले पुस्तक निघाले. त्यावर परीक्षण एकच आले. तेही आमच्याच पेठेतल्या एका समीक्षक गृहस्थांचे, आणि ते लिहिण्यापूर्वी त्यांनी आमच्याकडे दोनदा चहा घेतला होता. त्यामुळे परीक्षण बरे येईल अशी माझी समजूत होती. ते बरे आहे की वाईट, हे मला पुष्कळ दिवस कळले नाही, कारण त्याचे शेवटचे वाक्य असे होते : 'हे लेख म्हणजे लेखकाच्या विनोदबुद्धीचा इन्क्युनाबुलाच होय.'

मी ते वाक्य सौभाग्यवतीला वाचून दाखवले. ती मेथी निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, "दुखतं का कुठे?"

तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. त्या तीस वर्षे प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. शब्द ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे ती काचेची पेटी ना हो? अपुऱ्या दिवसांची मुलं ठेवतात ती?"

"काकू, ते इनक्युबेटर. हा शब्द वेगळा."

"तेच म्हणायचं असेल त्यांना," काकू विरजणाची वाटी उचलत म्हणाल्या. "मी वाचलंय तुमचं पुस्तक. अपुऱ्या दिवसांचंच आहे."

घरातल्या घरात एवढी समीक्षा झाल्यावर माणूस शब्दकोशाकडे वळतो. मी वळलो, आणि वर्ष झाले, अजून परतलेलो नाही.

पहिली गोष्ट अशी की हा शब्द लॅटिन आहे आणि तो अनेकवचनी आहे. तेव्हा 'हा इन्क्युनाबुला' म्हणणे म्हणजे 'हा डोहाळे' म्हणण्यासारखे आहे. जुन्या लॅटिनमध्ये तो आपल्या डोहाळ्यांसारखाच कायम अनेकवचनात वावरत असे. एकाच पुस्तकाबद्दल बोलताना पंडितांनी मागाहून 'इन्क्युनाबुलम' असे एकवचन पाडून घेतले, आणि इंग्रजांनी ते उच्चाराला जड जाते म्हणून 'इन्क्युनेबल' करून टाकले. समीक्षकांना पत्र टाकावे असे माझ्या मनात आले. पण आपल्या पुस्तकाला कोणी काय म्हटले याचा राग व्याकरणावर काढू नये, एवढा पोक्तपणा सत्तरीत येतो.

दुसरी गोष्ट अर्थाची. लॅटिनमध्ये 'कूने' म्हणजे पाळणा. त्यावरून निघालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ आहे, तान्ह्या मुलाला गुंडाळायची फडकी. म्हणजे आपली दुपटी, बाळोती. मग त्याचा अर्थ पाळणा झाला, मग जन्मस्थान, मग बालपण, आणि शेवटी कोणत्याही गोष्टीचा उगम. काकूंच्या काचेच्या पेटीचे मूळ निराळे. ते 'अंगाखाली घेऊन निजणे' या अर्थाच्या क्रियापदात, कोंबडीच्या खुराड्यात आहे. तरी काकू फार चुकल्या होत्या असे नाही. कोशापेक्षा प्रसूतिगृहात वावरलेली माणसे शब्दाच्या जास्त जवळ जातात, असे मला आता वाटते.

आता या ओल्या फडक्यांचा आणि पुस्तकांचा संबंध कसा आला? तर भांडणातून. छपाईची कला युरोपात पहिल्यांदा कोणी काढली यावर तिकडे दोन पक्ष होते. जर्मन म्हणत, मेन्झच्या योहान गुटेनबर्गने. डच म्हणत, हार्लेमच्या लॉरेन्स कोस्टरने. हाड्रियानुस युनिउस नावाच्या डच पंडिताचा हॉलंडविषयीचा ग्रंथ १५८८ साली निघाला. त्याने कोस्टरची बाजू घेतली आणि छपाईच्या बाल्याबद्दल हाच शब्द वापरला. पुढे १६४० च्या सुमाराला छपाईची दोनशे वर्षे साजरी होत असताना म्युन्स्टरच्या कॅथीड्रलचे डीन बर्नहार्ड फोन मालिन्क्रोट यांनी एक पुस्तिका लिहून मेन्झची बाजू मांडली आणि तोच शब्द वापरला. पाळण्यात बाळ एक, आणि बाहेर ओसरीवर दोन आजोबा 'आमच्यावर गेलाय' म्हणून भांडताहेत, असे ते दृश्य आहे. मालिन्क्रोट यांनी आणखी एक गोष्ट केली. छपाईचे हे बाल्य १५०० साली संपले, असे ठरवून टाकले. का? काही कारण नाही. आकडा गोल होता.

ती रेघ आजही कायम आहे. १५०० अखेरपर्यंत युरोपात खिळ्यांनी छापलेले पुस्तक ते इन्क्युनाबुलम. जगभरच्या ग्रंथालयांनी मिळून अशा सुमारे ३०,००० आवृत्त्यांची मोजदाद केली आहे. व्हेनिसच्या आल्डुस मनुशियसने व्हर्जिलच्या काव्याची हातात मावणारी सुबक आवृत्ती तिरप्या अक्षरांत छापली. खिशात पुस्तक घालून हिंडणाऱ्या तुम्हाआम्हां सर्वांवर तिचे उपकार आहेत. पण ती निघाली एप्रिल १५०१ मध्ये. चार महिन्यांनी पाळणा हुकला. आमच्या लहानपणी शाळेत घालताना जन्मतारीख जूनच्या आधीची लावून देत, तशी काही सोय आल्डुसला नव्हती.

आपल्याकडे म्हण आहे की मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. हा लॅटिन शब्द त्या म्हणीला सरळ 'खोटे' म्हणतो. पाळण्यात पाय दिसतच नाहीत, ते दुपट्यात गुंडाळलेले असतात. मूल मोठे होऊन नाव काढते तेव्हा शेजारीपाजारी सांगू लागतात, 'आम्ही तेव्हाच म्हटलं होतं.' गुटेनबर्गचे पाय कोणाला दिसले होते? १४५५ च्या सुमाराला त्याचे बायबल छापून होत आले, आणि त्याच वर्षी त्याला भांडवल पुरवणाऱ्या योहान फुस्टने पैशांसाठी त्याच्यावर फिर्याद लावली. फुस्टची सरशी झाली. आज आपण ज्याला छपाईचा जनक म्हणतो त्याचे नाव त्याने छापलेल्या एकाही पुस्तकावर नाही. त्या बायबलाला मुखपृष्ठ नाही, पानांना आकडे नाहीत, आणि मोठी रंगीत अक्षरे हाताने काढायला जागा कोऱ्या सोडलेल्या. ते पुस्तक आपण हस्तलिखित आहोत अशीच बतावणी करत होते. मूल आईच्या लुगड्याच्या दुपट्यात असते, तसे पहिले छापील पुस्तक हस्तलिखिताच्या वेषात होते.

इथवर वाचून मी समीक्षकांना मनोमन क्षमा केली. त्यांना म्हणायचे होते, या माणसाच्या विनोदाला अजून पाय फुटायचे आहेत. तेच काकू म्हणाल्या होत्या.

मग प्रश्न आला मराठीचा. या शब्दाला मराठीत काय म्हणावे? आपल्या ग्रंथपालांनी तो प्रश्न पूर्वीच सोडवून ठेवला आहे. त्यांचा शब्द आहे 'दोलामुद्रित'. दोला म्हणजे झोका, पाळणा. जर्मन लोक या पुस्तकांना 'पाळणाछाप' अशा अर्थाचा शब्द वापरतात, तसाच हा. मला तो आवडतो, पण तो पेठेत चालत नाही. आमच्या वाचनालयात मी 'दोलामुद्रिते आहेत का?' म्हणून विचारले, तेव्हा टेबलामागचा मुलगा म्हणाला, "आजोबा, ते दिवाळी अंकांत बघा." सामान्य वाचकाला त्या घराण्यातला ओळखीचा शब्द एकच, 'दोलायमान', आणि दोलायमान छपाई म्हटली की ओळी वरखाली झालेली लग्नपत्रिका डोळ्यांपुढे येते.

'आद्यमुद्रित' असाही एक शब्द आहे. त्याच्याविषयी माझे मत वाईट आहे. 'आद्य' हा मराठीतला सर्वांत भांडखोर शब्द. आद्य नाटककार, आद्य कादंबरीकार, आद्य पत्रकार, प्रत्येकाच्या डोक्यावर हे पागोटे असते आणि ते ओढायला दुसरा कोणीतरी टपलेला असतो. तान्ह्या मुलाला पागोटे घालू नये. मान धरत नाही.

तर साधारणपणे १८६७ पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांना दोलामुद्रिते म्हणायचा संकेत आहे. त्या साली पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला आणि छापलेले प्रत्येक पुस्तक सरकारदरबारी नोंदले जाऊ लागले. युरोपातला पाळणा गोल आकड्याने संपला, आपला सरकारी वहीने. हा पाळणा टांगला गेला तोही परमुलखात. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालात श्रीरामपूरला छापले गेले. केरी मूळचा इंग्लंडातला चांभार. मराठी शिकवायला वैजनाथ पंडित. देवनागरी खिळे पाडायला पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर, म्हणजे बंगाली लोहाराचे घराणे. चांभार, लोहार आणि पंडित अशा तिघांनी एका दोरीला हात लावलेला पाळणा त्या काळी दुसरीकडे कुठे हलत असेल असे वाटत नाही. पुढे १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापले. शाईत चरबी असेल म्हणून लोक छापील कागदाला शिवत ना, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली असे सांगतात. मराठी छपाईच्या दुपट्यालाही सोवळे होते.

एवढे ज्ञान झाल्यावर कोणत्याही मध्यमवर्गीय माणसाच्या मनात येईल तेच माझ्या मनात आले. आपल्या घरी एखादे दोलामुद्रित असेल का? आणि असलेच, तर त्याचे किती येतील?

होते. निदान मला तसे वाटले. आमच्या देवघरात एक 'हरिविजया'ची पोथी आहे, पणजोबांनी घेतलेली. शिळाप्रेसवर छापलेली, आडवी, सुट्या पानांची, हुबेहूब हस्तलिखितासारखी. लहानपणी आजीखेरीज तिला कोणी हात लावत नसे. दर श्रावणात आजी ती सोडी, वाची आणि पुन्हा बांधून ठेवी. तिचे बासन चांगले जाड होते. इतर पोथ्यांची बासने लाल खादीची, एकेरी. हिचे मऊ, धुवून धुवून रंग गेलेले. "हिलाच एवढं जाड का गं?" असे मी एकदा विचारले होते. "तिला थंडी वाजते," आजी म्हणाली होती. त्या वेळी मी पुष्कळ हसलो होतो आणि शाळेत सर्वांना सांगितले होते.

पोथी पिशवीत घालून मी एका जाणत्या गृहस्थांकडे गेलो. त्यांचे आयुष्य जुन्या कागदपत्रांत गेलेले. मोडी ते वर्तमानपत्रासारखी वाचतात. त्यांनी बासन सोडले, ते बोटांत धरून पाहिले, बाजूला ठेवले, आणि सरळ शेवटचे पान काढले. जुन्या पोथ्यांचे सगळे ठावठिकाण शेवटी असते, हे त्यांना माहीत होते. आणि ते म्हणाले, "शके १७९३, प्रजापतिनाम संवत्सर. म्हणजे १८७१."

"मग?"

"चार वर्षं उशीर झाला हो."

आल्डुसचे चार महिने, आमची चार वर्षे. मी तोंडभरून 'अरे वा' म्हणालो. अशा वेळी दुसरे काय म्हणणार? शिळाप्रेसच्या अशा पोथ्या पुष्कळ घरांतून आहेत, किंमत म्हणाल तर मनातली, असे त्यांनी सांगितले. मी बासन आवरायला घेतले. ते मात्र त्या शेवटच्या पानाची पाठ बघत राहिले होते. तिथे मोडीत काही ओळी होत्या. लहानपणापासून मी त्या पाहात आलो होतो. हिशेब असावा अशी माझी समजूत होती.

"तुमच्या घरातले जन्म आहेत हे," ते म्हणाले, आणि वाचू लागले. शके १८०७, माझे आजोबा. मग त्यांचे भाऊ. मग अक्षर बदलले, ते आजोबांचे स्वतःचे. शके १८३५, माझे वडील. मी म्हणालो, "थोरले. आजीचं पहिलं अपत्य."

"नाही," ते म्हणाले. "त्याच्या वर एक ओळ आहे. शके १८३२, साधारणनाम संवत्सर, कन्या जाहली. सातवे दिवशी गेली. नाव नाही."

१९१० साल. आजी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेल. मी आजीच्या मांडीवर वाढलो, तिच्या तोंडून घरातल्या म्हशींच्यासुद्धा हकिकती ऐकल्या, पण ही ओळ ऐकली नाही. बाबांना मोडी येत होती. त्यांनी वाचली असणारच. तेही कधी बोलले नाहीत.

घरी येताना बसमध्ये मला 'दोलामुद्रिता'वरची माझी टीका सापडली. शब्द चुकीचा नाही, पण अर्धा आहे. लॅटिन शब्दात आधी दुपटे आहे आणि मग पाळणा. युरोपीय पंडितांना त्या दोहोंत फरक करायचे कारण पडले नसेल. आपल्याला आहे. आपल्याकडे मूल जन्मते त्या दिवशी दुपट्यात जाते, पण पाळण्यात जाते ते बाराव्या दिवशी. बारसे होते, बायका गाणी म्हणतात, कानात नाव सांगतात, घुगऱ्या वाटतात. पाळणा म्हणजे समारंभ आणि नाव. त्याआधीचे बारा दिवस नुसते दुपट्याचे. उगमाला 'दोला' म्हटले की आपण बाराव्या दिवसापासून मोजायला लागतो, आणि जे सातव्या दिवशी गेले ते हिशेबातच येत नाही.

आणि मराठी छपाईच्या घरात अशी पुष्कळ आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले, रोमन अक्षरांत. केरीच्या व्याकरणाच्या १८९ वर्षे आधी. त्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या झाल्या, आणि त्या छपाईची एकही प्रत आज कोणाला ठाऊक नाही. काव्य टिकले ते हाताने उतरवून ठेवणाऱ्यांमुळे. त्या नकलांवरून ते १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापले गेले. भीमजी पारेख नावाच्या व्यापाऱ्याच्या आग्रहावरून कंपनी सरकारने विलायतेहून हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठवला. १६७४ साली तो मुंबईला पोचला, पण त्याला छापता येत होते, खिळे पाडता येत नव्हते. भीमजींना हव्या होत्या त्या देशी अक्षरांचे बारसे काही झाले नाही. नाना फडणिसांच्या काळी पुण्यात एका तांबटाने पत्र्यावर गीता कोरायला घेतली, तीही पुण्यात पुरी झाली नाही. छापली गेली ती मिरजेला, १८०५ साली. या सगळ्यांना 'पूर्वपीठिका' असा एक जाडजूड शब्द आहे. ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात त्यांना बसवतात आणि दुसऱ्या प्रकरणापासून विसरतात.

गुटेनबर्गच्या घरीही हेच. बायबलाच्या आसपासच्या काळात त्याच्या खिळ्यांनी शाळकरी मुलांची लॅटिन व्याकरणे छापली जात होती. मुलांनी ती वापरून फाडली. आज त्यांची कुठे कुठे पाने मिळतात ती दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत, पुठ्ठ्याला चिकटवलेली. म्हणजे रद्दी म्हणून गेली, आणि दुसऱ्या पुस्तकाला गुंडाळली म्हणून राहिली.

तेव्हा माझी ग्रंथपाल मंडळींना सूचना अशी की 'दोलामुद्रित' खुशाल ठेवा, रुळलेला शब्द बदलू नये. पण सूचीच्या आरंभी एक कोरे पान सोडा. ज्यांचे नाव ठेवायचे राहून गेले त्यांच्यासाठी. सूचना मी एका ग्रंथपालबाईंना बोलून दाखवली. त्या भल्या आहेत. "कागद महाग झालाय हो," एवढेच म्हणाल्या.

आणि समीक्षकमहाशयांना मी शेवटी पत्र लिहिले. आभार मानले. आपण माझ्या लेखांना दिलेला शब्द मला मान्य आहे, फक्त पुढच्या वेळी तो अनेकवचनी वापरावा, एवढे कळवले. त्यांचे उत्तर आले नाही. पुढचे पुस्तक निघाले की चहाला येतील.

पोथी पुन्हा देवघरात गेली आहे. परवा बासन धुवायला काढले. सौभाग्यवतीने ते दांडीवर पसरले आणि उन्हात धरून म्हणाली, "अहो, हे एकेरी नाहीये. दोन पदर आहेत, मधे बारीक टाके घातलेत. बासन कोणी असं शिवत नाही."

मी चष्मा पुसून पाहिले. टाके हातचे होते, जवळजवळ, एका ओळीत. संध्याकाळी वाळल्यावर आम्ही पोथी पुन्हा त्यातच बांधली.